आपलं दुखणं, आपले शब्द

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि मग चहा आला. चहाबरोबर नेहमीच्या गप्पा. कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेची उलटी, कुणाची पोरगी पुण्याच्या कॉलेजात गेलीय आणि तिच्या इंग्रजीला वर्गातल्या मुली हसतात म्हणून ती फोनवर रडते. आम्ही दोघी कार्यक्रमाचं काहीतरी टिपून घेत बसलो होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "तुझी पोरगी नुसती रडली गं. मी हसण्यापायी आठ महिने दुखणं अंगावर काढलं."

सगळ्या गप्प झाल्या. मावशींचं नाव आम्ही सांगत नाही, पण ही गोष्ट रेडिओवर सांगा असं त्यांनीच आम्हाला म्हटलंय.

मावशींची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. मग एक दिवस पुन्हा डाग दिसला. थोडासाच. त्यांना वाटलं, उष्णता झाली असेल. पुढच्या महिन्यात परत. त्या एकट्याच एसटीनं तालुक्याच्या एका दवाखान्यात गेल्या. पैसे भरायच्या खिडकीपाशी मुलीनं विचारलं, काय होतंय. मागं रांगेत बाप्ये उभे. मावशी हळूच म्हणाल्या, "गायनाकडं दाखवायचंय." गायनॅक म्हणायचं होतं, तोंडातून गायना आलं. ती मुलगी हसली, शेजारच्या मुलालाही सांगून हसली. मावशींचा धीर तिथंच गेला. आत डॉक्टरांनी भरभर हिंदी-इंग्रजीत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटात दुखतंय." पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन घरी आल्या आणि पुन्हा कुठं गेल्याच नाहीत. आठ महिन्यांनी आशाताई दुसऱ्याच कामाला घरी आल्या, तेव्हा ओसरीवर बसून सगळं बोललं गेलं. आशाताईंनी दुसऱ्या दिवशी हाताला धरून नेलं. तपासणीत गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला कॅन्सर निघाला. नशिबानं तो पिशवीबाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, मावशी आता बऱ्या आहेत, बैठकीला येतात. पण ते आठ महिने आमच्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून आजचा विषय हा.

आधी मावशींच्या दुखण्याचं सांगून टाकतो, कारण ते ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक हवं. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला, गुलाबी पाणी गेलं, तरी दाखवायचं. बहुतेक बायकांमध्ये कारण साधंच निघतं. वयानं आतली कातडी पातळ आणि कोरडी झालेली असते. पण काहींमध्ये तो कॅन्सर असतो, आणि हा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो. वजन जास्त असेल, शुगर असेल तर धोका जास्त. डॉक्टर सोनोग्राफी करतात, गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. संबंधानंतर रक्त जात असेल तर तेही असंच, वय कितीही असो, दाखवायचंच. यात उष्णता बिष्णता काही नसते.

आता त्या हसण्याकडे येऊ.

एखादा शब्द आपल्या तोंडून वेगळा का येतो? लहानपणी आपण जे आवाज ऐकतो त्यांची जिभेला सवय लागते. ज्या भाषेत जो आवाज नाही, तो मोठेपणी काढताना जीभ जवळच्या ओळखीच्या आवाजावर जाऊन बसते. जगातल्या सगळ्या माणसांचं असं होतं. इंग्रज इथं दीडशे वर्षं राज्य करून गेले, पण त्यांच्या जिभेला आपला ळ काही जमला नाही. खडकीचं त्यांनी किरकी केलं, शीवचं सायन केलं, पुण्याचं पूना. आपल्या मुंगुसाला त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता, तर मराठीतलाच उचलला आणि त्याचं मंगूस करून टाकलं. त्यांना कुणी खिडकीत उभं करून हसलं नाही. उलट आपणच सायनला सायन म्हणायला लागलो.

आणि आपल्यात तरी सगळ्यांचं बोलणं एक कुठंय? वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो. किनाऱ्याला आगरी-कोळी बायका ण चा न आणि ळ चा ल करतात. मालवणीचा हेल वेगळा, खानदेशात अहिराणीचा वेगळा. आमच्यातली एक सोलापूरकडची, एक कोकणातून सासरी आलेली. पहिल्या वर्षी आम्हीही एकमेकींच्या बोलण्याला हसायचो, खोटं कशाला बोला. तेव्हा हसणारी पोरगी फक्त शहरातच असते असं नाही.

त्या पुण्यातल्या लेकीला आम्ही एक निरोप दिला. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्या इंग्लंडमध्येसुद्धा सगळे सारखं इंग्रजी बोलत नाहीत. उत्तरेकडं गाडीच्या बसला साधारण 'बुस' म्हणतात, दक्षिणेकडं 'बस'. आंघोळीच्या बाथचा आ दक्षिणेत लांब, उत्तरेत आखूड, 'बॅथ'सारखा. स्कॉटलंडची माणसं र असा घोळवतात की आपल्याला आपलीच वाटावीत. लिव्हरपूल, न्यूकॅसल, बर्मिंगहॅम, प्रत्येक शहराची बोलायची ढब वेगळी. आणि तिथंही गावाकडच्या बोलण्याला नाकं मुरडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बीबीसी रेडिओनं बातम्या वाचायला विल्फ्रेड पिकल्स नावाच्या गृहस्थांना बसवलं. ते यॉर्कशायरचे, म्हणजे उत्तरेकडचे, आणि बोलायचेही तसेच. तोपर्यंत बातम्या म्हणजे लंडनच्या साहेबी थाटातच. ऐकणाऱ्यांनी तक्रारीची पत्रं लिहिली. बातम्या त्याच, पण आवाज गावाकडचा म्हणून काहींना त्या खऱ्या वाटेनात! आमच्या या केंद्रावर आम्ही आमच्याच बोलीत बोलतो तेव्हा हे पिकल्स आम्हाला हटकून आठवतात.

हाच विषय घेऊन बर्नार्ड शॉ यांनी नाटक लिहिलं, ते १९१३ साली पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. फुलं विकणाऱ्या मुलीचं बोलणं बदलून तिला मोठ्या घरातली बाई म्हणून खपवायची पैज, अशी गोष्ट. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्यावरून 'ती फुलराणी' केलं आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा गाजवली. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ते पाहिलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. आपण मंजुळेला हसतो, पण मनातून तिच्याच बाजूला असतो की नाही?

असो. आवाजाचं एवढं पुरे. आम्हाला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हसतील म्हणून आपण आपले शब्द टाकून देतो आणि दवाखान्यात चार इंग्रजी शब्द घेऊन जातो. मला बीपी झालंय. गॅस झालाय. इन्फेक्शन आहे. विकनेस आलाय. सांगितल्याचं समाधान होतं, पण डॉक्टरांच्या हातात काहीच पडत नाही.

बीपीचंच बघा. 'आज माझा बीपी वाढल्यासारखा वाटतोय' असं आपण सर्रास म्हणतो. वाढलेला बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही, म्हणून तर तो मापावा लागतो. वेगवेगळ्या वेळी मोजून १४० बाय ९० किंवा त्याच्या वर आला तर तो वाढलेला धरतात. काहीच होत नाही म्हणून मनानं गोळी सोडणाऱ्या आमच्या गटातच तिघी निघाल्या. आणि 'बीपी वाटतोय' म्हणणारीला खरं तर काय होत असतं? कुणाला भोवळ, कुणाला छातीत धडधड, कुणाला घरातल्या कटकटीनं डोकं तापलेलं. तीन वेगळी दुखणी, नाव एकच.

विकनेस तर विचारूच नका. विकनेस म्हटलं की सलाईन चढवा म्हणतो आपण, आणि चढवणारे चढवतातही. मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तोंडानं काही ठरत नसेल तर ती बाटली जीव वाचवते. रोजच्या थकव्याला तिचा उपयोग नाही. थकव्याचं मूळ बऱ्याचदा रक्तात असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या बैठकीत वीसजणी बसल्या तर दहा-अकरा. तेव्हा विकनेस म्हणण्याऐवजी असं सांगा: विहिरीवरून घागर आणताना पूर्वी थांबावं लागत नव्हतं, आता दोनदा टेकावं लागतं. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. पाळीत इतकी कापडं लागतात, गाठी पडतात. आणि माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर तेही सांगा. ते सांगायला लाज वाटते, ठाऊक आहे आम्हाला. पण ती जिभेची खोड नाही, लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते, आणि डॉक्टरांना तेवढ्यावरून बरंच कळतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका.

मैत्रिणींनो, दुखण्याच्या शब्दांच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. आपल्याकडं कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, सलतं, टोचतं, आग होते, रग लागते, मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात, पायात गोळे येतात, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. आजीला विचारा, अजून दहा सांगेल. आणि यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांच्या कामाचा आहे.

ठणका म्हणजे ठोक्याठोक्यानं दुखणं. गळू पिकलं, दाढेत पू झाला की असं होतं. पाठीच्या एका बाजूला सुरू होऊन जांघेकडं उतरणारी, थांबून थांबून येणारी कळ मूतखड्याची असू शकते. बेंबीभोवती दुखायला लागलं आणि काही तासांत उजवीकडं खाली जाऊन बसलं तर अपेंडिक्स सुजल्याची शंका घेतात. तळपायाला मुंग्या, आग, चप्पल निसटली तरी कळत नाही, असं असेल तर शुगर तपासतात. आणि 'अंग बाहेर येतंय' हे आपलं वाक्य तर कुठल्याही इंग्रजी शब्दाइतकंच नेमकं आहे. बाळंतपणांनी आणि जड उचलण्यानं खालचे स्नायू सैल पडतात, पिशवी खाली उतरते. त्याला व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशन आहे. पण कितीतरी जणी वर्षानुवर्षं कापड बांधून शेतात खुरपत असतात आणि डॉक्टरांना सांगतात, कंबर दुखते.

गॅस या शब्दाची तर आम्हाला भीतीच वाटते. हार्ट अटॅक म्हणजे सिनेमातल्यासारखा छाती धरून पडणारा माणूस, असं डोळ्यांपुढं असतं. बायकांना कधी कधी तशी कळ येतच नाही. छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटतं, दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ किंवा हात दुखतो. आपण म्हणतो गॅस झालाय आणि ओवा खाऊन पडतो. असं अचानक झालं आणि थांबलं नाही तर ओव्याच्या डब्याला हात लावू नका, १०८ ला फोन लावा. फोनवरही गॅस म्हणू नका, छातीवर ओझं आहे आणि घाम सुटलाय असं म्हणा.

एका बाबतीत मात्र उच्चाराकडं लक्ष द्यायलाच हवं. काल चांगलं बोलणारी बाई आज अचानक बोबडं बोलायला लागली, शब्द सापडेनात, तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर धरला की खाली पडतो. हा मेंदूचा झटका असू शकतो, पक्षाघात. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून कधी सुरू झालं ती वेळ घड्याळात बघून ठेवायची आणि मोठ्या रुग्णालयात न्यायचं. पाणीसुद्धा पाजायचं नाही, ते श्वासनळीत जाऊ शकतं. 'आई आज कशी बोलतेय बघा' म्हणून पोरं हसत बसली आणि वेळ गेली, असं एक घर आमच्या पाहण्यात आहे.

मग दवाखान्यात जायचं कसं? आम्ही गटात ठरवलंय की एकटीनं जायचं नाही. सोबत एक मैत्रीण. एकीला लाज वाटली तर दुसरीनं बोलायचं. निघायच्या आधी घरी बसून ठरवायचं: काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत असेल तर चिठ्ठी करायची, नाहीतर मैत्रिणीच्या ध्यानात ठेवायला सांगायचं. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकायची. रांगेत पुरुष असतील तर खिडकीवर 'बाईचं दुखणं आहे, आत सांगते' एवढंच म्हणायचं, कारण तिथं सगळं सांगायची सक्ती नाही. डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही तर मान हलवायची नाही. ही मान हलवायची सवय फार वाईट, आम्हालाही आहे. "साहेब, मराठीत सांगा" म्हणायचं, आणि निघताना त्यांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचं. "म्हणजे ही पांढरी गोळी सकाळी उपाशीपोटी आणि पुन्हा पंधरा दिवसांनी यायचं, बरोबर?" चूक असेल तर तिथंच दुरुस्त होते.

चिठ्ठीवर १-०-१ लिहिलं असेल तर सकाळ, दुपार, रात्र असं वाचायचं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. काही चिठ्ठ्यांवर बी. डी., टी. डी. एस., एच. एस. अशी अक्षरं असतात. दिवसातून दोनदा, तीनदा आणि झोपताना, असे त्यांचे अर्थ. गंमत म्हणजे ही अक्षरं इंग्रजी नाहीतच, ती लॅटिन या जुन्या भाषेतली आहेत. खिडकीतल्या त्या मुलीलाही ती कुणीतरी शिकवलीच असणार.

आणखी एक. तिसाव्या वर्षानंतर काही होत नसलं तरी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड यांच्या तपासणीची सरकारी सोय आहे. तिथल्या सिस्टर बहुतेक आपल्याच भागातल्या असतात, आपल्याच बोलीत बोलतात. आधी तिथं गेलं तर पुढं कुठं जायचं ते त्याच सांगतात. रात्री-अपरात्री नुसतं विचारायचं असेल तर १०४ हा सल्ल्याचा नंबर आहे.

पुण्यातल्या त्या लेकीचा परवा फोन आला होता म्हणे. पिकल्सची गोष्ट तिनं वर्गात सांगितली. तेव्हा कळलं, सगळ्यात जास्त हसणारी मुलगी नांदेडकडची, आणि पहिल्या वर्षी तिलाही हसले होते. दोघी आता एका बाकावर बसतात.

मावशींनी एक काम सुचवलंय, ते आम्ही तुमच्यावर सोपवतो. तुमच्या गावात, तुमच्या बोलीत दुखण्याला काय काय शब्द आहेत ते आम्हाला कळवा. पाळीचे, पोटाचे, सांध्यांचे, सगळे. आजी-पणजीकडून विचारून घ्या. केंद्रावर फोन करा किंवा गटाच्या वहीतल्या कागदावर लिहून पाठवा. ती यादी आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडं नेणार आहोत. ते नवीन आलेत, दुसऱ्या जिल्ह्यातले आहेत, आणि 'उसण' म्हणजे काय ते त्यांनी आम्हालाच विचारलं. पुढच्या कार्यक्रमात आशाताई येतील. तुमचे प्रश्न त्यांना विचारू.